पदर, दुपट्टा आणि बुरखा

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील रसेल मार्केटच्या परिसरात आपण एखाद्या सायंकाळी फिरलात, तर मुसलमान स्त्रियांचा पोशाख एकच असतो, हा समज तेथेच गळून पडेल. कोणी साडीचा पदर डोक्यावरून घेतलेला असतो, कोणी सलवार-कमीजवरील दुपट्टा. कोणाचा चेहरा नकाबाने झाकलेला, तर कोणाचे मस्तक उघडे. बोहरा भगिनींचा रंगीत, दोन भागांचा रिदा काळ्या बुरख्याहून अगदी निराळा. मलबारकडील स्त्रिया डोक्यावरील वस्त्राला तट्टम म्हणतात. आपल्या कोकणातही अनेक मुसलमान घरांत साडी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आहे.

मग ही निवड होते कशी? श्रद्धा हे एक कारण खरेच. कुराणातील ‘नूर’ या सूरेत शालीनतेची आज्ञा आहे. मात्र नजर खाली ठेवण्याचा आदेश तेथे आधी पुरुषांना दिलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शालीनतेसाठी नेमके किती वस्त्र हवे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शिवाय घरची रीत, कामाचे ठिकाण, परवडणारे कापड आणि स्वतःची आवड यांचाही विचार होतोच.

परंतु निवड नेहमी तिच्या हाती असते काय? हासनच्या कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांना २०२५ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. विवाहानंतर आपणांस बुरखा घालून घरकामाला वाहून घेण्यास सांगण्यात आले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. पुढे त्या पत्रकार व वकील झाल्या.

याची उलट बाजूही आहे. २०२१ च्या अखेरीस उडुपीतील एका शासकीय महाविद्यालयात काही विद्यार्थिनींना हिजाबसह वर्गात बसण्यास मनाई झाली. बेंगळुरूच्या उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी गणवेशाचा नियम ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची मते दुभंगली. न्या. हेमंत गुप्ता यांनी तो निकाल उचलून धरला, न्या. सुधांशु धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाला आणि तिच्या निवडीला अधिक मोल दिले.

एकीला ‘घाल’ म्हटले गेले, दुसरीला ‘काढ’. वाचकहो, सुनेने डोक्यावर पदर घ्यावा की नाही, मुलीने कोणते कपडे घालावेत, हे वाद आपल्याही घरांना अपरिचित नाहीत. पुढच्या वेळी असा वाद निघाला, तर निर्णय देण्यापूर्वी एवढेच करावे : जिने ते वस्त्र अंगावर वागवायचे आहे, तिला आधी विचारावे आणि तिचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.