गंजलेला नट आणि गरम डोके

ऊसतोडणीचा हंगाम तोंडावर आला, की ट्रॉलीच्या कमानीकडे लक्ष जाते. एखादा पाटा तुटलेला निघतो. तो बदलायचा, तर पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टचे नट काही केल्या हलत नाहीत. मग पान्याला लांब पाइप लावून दोघेतिघे लोंबकळतात. पाना निसटतो, बोटे सोलतात. वेळ वाईट असेल तर याहून मोठे नुकसान होते.

नट असा हटून का बसतो? आट्यांत पाणी, चिखल, खतांचे क्षार शिरतात आणि लोखंड गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. आट्यांत ती नसते, म्हणून गंज पाचरीसारखा घट्ट बसतो. तिथे जोरापेक्षा सबुरी कामी येते.

पहिली काळजी जिवाची. ट्रॉली रिकामी करून सपाट, टणक जागी घ्या. चाकांना पुढून-मागून दगड लावा. चेसीखाली दोन्ही बाजूंना जाड लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. पान्याला हिसका बसताच जॅक सरकू शकतो. मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करा. डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून नटाच्या मुळाशी सोडा. नटावर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे तेल आत झिरपते. झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा तेल द्या. सकाळी नीट बसणारा रिंग पाना लावा. ढिल्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात. आधी नट किंचित आवळा, गंजाची पकड मोडली की सोडवा. जड जाऊ लागला तर थोडा मागे फिरवा, तेल द्या आणि पुन्हा सोडवा.

तरीही हलला नाही, तर गॅसची ज्योत आठवते. २० मिलिमीटर भोकाचा नट २०० अंशांनी तापवला, तर भोक जेमतेम ०.०५ मिलिमीटरने वाढते. पण कित्येकदा तेवढे पुरते. मात्र आधी दिलेले तेल पेट घेते, टायरही जवळच असतो. शिवाय ज्योत पाट्याला लागली तर पोलादाचे पाणी उतरते आणि तो पाटा भरल्या ट्रॉलीखाली दगा देतो. त्यापेक्षा नट करवतीने किंवा छिन्नीने कापावा. त्यात तोटा नाही, कारण काढलेला यू बोल्ट पुन्हा बसवायचाच नसतो. बोल्ट व नट दोन्ही नवे घ्यावेत.

नवे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करून सारखे आवळा. बाहेर राहिलेल्या आट्यांना ग्रीस फासा. पहिली भरलेली खेप करून आल्यावर सगळे नट पुन्हा आवळून पाहा. भर रस्त्यात ट्रॉली बसण्यापेक्षा घरी गेलेली एक रात्र परवडते.