घोड्याची तहान बोटांना कळते!

१०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. वेळ २४ तास. वाटेत सिएरा नेवाडाचे डोंगर आणि भट्टीसारख्या तापलेल्या दऱ्या. कॅलिफोर्नियात १९५५ साली सुरू झालेल्या 'टेव्हिस कप' या घोड्यांच्या शर्यतीचा हा मामला. पण मंडळी, मला यातला वेग नाही, ब्रेक सॉलिड आवडतो!

ठरावीक टप्प्यांवर घोड्याला थांबावंच लागतं. हृदयाचे ठोके मिनिटाला ६०-६४ पर्यंत उतरले, की पशुवैद्य पुढचं बघतात. हत्यारं कुठली? बोटं, डोळे आणि स्टेथोस्कोप, बस्स! खांद्यावरच्या कातडीचा चिमटा घेऊन सोडायचा. झटकन सपाट झाली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर अंगात पाणी कमी. हिरडी दाबायची; पांढरा पडलेला ठिपका दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. पोटात गुडगुड ऐकू आली तर उत्तम, शांतता असेल तर धोका. मग दुडक्या चालीने पळवून पुन्हा ठोके मोजायचे. नुसत्या चिमट्यावर निकाल नाही, सगळ्याची गोळाबेरीज करायची.

एवढी उठाठेव कशाला? तहान लागली की पिईल की! इथेच तर गोम आहे. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट. तो गेला की रक्तातला खारटपणा वाढतो आणि मेंदू 'पाणी, पाणी' ओरडतो. घोड्याचा घाम मात्र रक्ताइतकाच, किंबहुना जास्तच खारट. पाण्याबरोबर मीठही जातं आणि मेंदूला पत्ताच लागत नाही. तासाला १०-१५ लिटर घाम गाळूनही घोडा पाण्याकडे पाठ फिरवू शकतो. म्हणून पाण्यासोबत क्षारही द्यावे लागतात. दुर्लक्ष झालं तर आतडी मंदावतात, स्नायू आखडतात, जिवावर बेततं.

अंगावरच्या चरबीचाही हिशेब असतो. डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये मांडलेली १ ते ९ ची पट्टी. मान, बरगड्या, शेपटीचं मूळ वगैरे सहा जागा हाताने चाचपायच्या. बरगड्या दिसत नाहीत पण सहज लागतात, तो ५. हडकुळ्याकडे इंधन कमी, तर गुबगुबीत घोड्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.

आणि कळस म्हणजे, शेवटची रेषा ओलांडूनही काम संपत नाही. 'हा अजून चालू शकेल' असं पशुवैद्याने म्हटलं तरच शर्यत पूर्ण! पहिल्या दहांतल्या सगळ्यात ठणठणीत घोड्याला 'हॅगिन कप' मिळतो, तो वेगळाच.

डेडलाइन गाठल्यावर आपल्याला कुणी विचारतं का हो, 'उद्या पुन्हा उभा राहशील ना?' तिथे घोड्याला विचारतात. आणि उत्तर 'नाही' आलं, तर पहिला नंबरसुद्धा जातो.