रूलेटमध्ये कॅसिनोला काय सुटतं?

पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत जाऊन आलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, रूलेटमध्ये एका आकड्यावर पस्तीसपट मिळतात. मग कॅसिनोला काय सुटतं?" संभाव्यता हा माझा आवडता विषय, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच लिहितो.

युरोपियन चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात. प्रत्येकावर १०० रुपये लावले तर गेले ३७००. जिंकलेल्या आकड्याचे ३५०० आणि त्यावर लावलेले १०० मिळून परत आले ३६००. उरलेले १०० कॅसिनोचे. म्हणजे सुमारे २.७ टक्के. यालाच 'हाउस एज' म्हणतात.

अमेरिकन चाकावर ०० हे आणखी एक घर असतं. तिथे हाउस एज सुमारे ५.२६ टक्के होतो.

लाल-काळ्यावर लावलं तरी तेच. लाल घरं १८, काळी १८ आणि शून्य हिरवं.

"इतक्यांदा काळा आला, आता लाल येणारच" हा समज सोडा. १९१३ मध्ये मॉन्टे कार्लोत काळा सलग २६ वेळा आला आणि लालवर लावत राहिलेले बुडाले. प्रत्येक फेरी स्वतंत्र असते.

मोबाइलवर खेळायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं २०२५ मध्ये केला आहे.

ब्लॅकजॅक, ऑड्स, बोनसच्या अटी, काहीही विचारा. गणित मांडून सांगेन.