जनार्दन नवले : भारताचे पहिले कसोटी यष्टिरक्षक

क्रिकेटच्या खेळात टाळ्या मिळतात त्या बहुधा फलंदाजाला, नाही तर गोलंदाजाला. जळगाव-धुळ्याच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर मुले खेळायला जमली, की प्रत्येकाला आधी बॅट हवी असते. यष्ट्यांमागे उभे राहण्यास सहसा कोणी पुढे येत नाही. वस्तुतः यष्टिरक्षकाचे काम फुटबॉलमधील गोलरक्षकाच्या कामासारखेच जोखमीचे आहे. दोघांनी अडविलेले चेंडू लोक विसरून जातात. सुटलेला एक चेंडू मात्र वर्षानुवर्षे स्मरणात ठेवतात. शिवाय यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडूसाठी खाली बसावे व उठावे लागते. वेगवान गोलंदाजापुढे तो कित्येक पावले मागे उभा राहतो. संथ गोलंदाजी सुरू झाली, की त्याला यष्ट्यांना अगदी खेटून उभे राहावे लागते. तेव्हा चेंडू बॅटला निसटता लागून आला, तर तो झेलण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाही अवधी मिळत नाही.

हे अवघड काम भारताच्या पहिल्याच कसोटी सामन्यात ज्यांनी केले, ते जनार्दन ज्ञानोबा नवले पुणे जिल्ह्यातील फुलगावचे. त्यांचा जन्म ७ डिसेंबर १९०२ रोजी झाला. त्या काळी युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा चार संघांचे चौरंगी सामने होत असत आणि ते पाहण्यास मोठी गर्दी लोटत असे. अवघ्या सोळाव्या वर्षी नवले हिंदू संघाचे यष्टिरक्षक झाले. ज्या वयात मुले शाळेच्या संघात जागा मिळावी म्हणून धडपडतात, त्या वयात हा मुलगा नामांकित गोलंदाजांचे चेंडू झेलीत होता.

१९३२ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचे नायकपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते. परंतु आपल्यापेक्षा सरस खेळाडू संघात आहेत हे ओळखून कसोटीच्या वेळी ते बाजूला राहिले. हा मोठेपणा सर्वांनाच साधतो असे नाही. सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली २५ जून रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर संघ उतरला. इंग्लंडचे सलामीचे फलंदाज होते होम्स आणि सटक्लिफ. दहाच दिवसांपूर्वी या जोडीने यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागी रचली होती! महंमद निसार यांनी दोघांचाही त्रिफळा उडविला. पाठोपाठ वुली धावबाद झाले आणि इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. पुढे इंग्लंडचे कर्णधार जार्डिन यांनी ७९ धावा करून डाव सावरला. त्यांना बाद केले ते नायडूंनी, आणि झेल घेतला नवले यांनी. इंग्लंडचा डाव २५९ धावांत आटोपला.

नवले यांचे काम मात्र तेथे संपले नाही. शंभराहून अधिक षटके यष्ट्यांमागे उठबस केल्यानंतर त्याच सायंकाळी ते नाऊमल यांच्यासह सलामीस आले. कसोटी क्रिकेटमध्ये भारतातर्फे पहिला चेंडू खेळण्याचा मान त्यांचा! दिवस संपला तेव्हा फलकावर बिनबाद ३० धावा होत्या. पुढे ३९ धावसंख्येवर बोवेस यांनी नवले यांचा त्रिफळा उडविला. त्यांच्या धावा १२ झाल्या होत्या, दुसऱ्या डावात १३. सामना इंग्लंडने १५८ धावांनी जिंकला. तथापि नवले यांच्या चपळाईची वाखाणणी इंग्रज समीक्षकांनीही केली. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना मुंबईत झाला. त्यात नवले खेळले, तो त्यांचा दुसरा आणि अखेरचा कसोटी सामना.

त्याच सुमारास स्पेनमध्ये रिकार्दो झामोरा नावाचा विख्यात गोलरक्षक होऊन गेला. तो नवले यांच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठा. खेळणे थांबविल्यावर माद्रिदमधील एका संघाला शिकविण्याचे व चालविण्याचे काम त्याच्याकडे आले आणि १९४० व १९४१ अशी लागोपाठ दोन वर्षे तो संघ स्पेनचा अजिंक्यवीर ठरला. कमीत कमी गोल होऊ देणाऱ्या गोलरक्षकाला स्पेनमध्ये दरवर्षी पारितोषिक मिळते, तेही झामोराच्याच नावाचे.

भारतात त्या वेळी खेळाडूच्या उत्तरायुष्याची चिंता वाहणारी व्यवस्था नव्हती. संस्थानिकांच्या पदरी काही खेळाडूंना नोकरी लाभे, हाच काय तो आधार. कसोटी खेळाडूला आज मिळते तसे मानधन नव्हते, निवृत्तिवेतनही नव्हते. हातमोजे उतरविल्यावर पोटासाठी दुसरे काही शोधणे भाग पडे. लॉर्ड्सवर भारताच्या यष्ट्या राखणाऱ्या नवले यांनी उतारवयात एका साखर कारखान्यात पहारेकऱ्याचे काम केले. पुण्यात दोन खोल्यांच्या घरात ते राहत असत. ७ सप्टेंबर १९७९ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ७६ वर्षांचे होते.