बांध घालणारे आणि बांध राखणारे

शिरूर-दौंडच्या मृद व जलसंधारणातील माणसे

पुणे जिल्ह्याच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ लागले म्हणजे पावसाचे मान किती झपाट्याने उतरते, हे सहज लक्षात येते. भीमाशंकरच्या डोंगरमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस शिरूर व दौंड तालुक्यांत पोहोचेपर्यंत वर्षाकाठी सुमारे पाचशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. तोही वेळेवर आणि सारखा पडेल, याची शाश्वती नसते. जूनमध्ये चार सरी, मग दीर्घ उघडीप आणि सप्टेंबरात परतीचा एखादा जोरदार पाऊस, असा या भागाचा जुना अनुभव आहे. थोड्या वेळात पडणारा हा पाऊस मातीत मुरण्याऐवजी उतारावरून धावत सुटतो आणि जाताना शेतातील कसदार माती बरोबर नेतो.

घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांमुळे या दोन तालुक्यांना दोन निरनिराळी रूपे लाभली आहेत. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकातच पाटसपर्यंत आला. शिरूर तालुक्यात चिंचणी येथे घोड नदीवर धरण झाले. नदीकाठी उसाचे हिरवे मळे उभे राहिले. परंतु शिरूरच्या पश्चिमेकडील पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा टापू आणि दौंडच्या दक्षिणेकडील कुरकुंभ, जिरेगाव, खोर यांसारखी गावे उंचावरची. तेथील जमीन उथळ, खाली मुरूम आणि त्याखाली कठीण काळा पाषाण. अशा गावांचा पहिला आधार म्हणजे आपल्या शिवारात पडणारा पाऊस. तो अडविण्याचे, जिरविण्याचे आणि माती जागेवर ठेवण्याचे काम ज्या माणसांनी केले व आजही जी करीत आहेत, त्यांची ओळख गावकारभाऱ्यांस असणे अगत्याचे आहे.

थेंबाचा आणि मातीचा हिशेब

एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी मिळते. पाचशे मिलिमीटर पावसाचे वर्ष असेल, तर त्याच एका हेक्टरवर पन्नास लाख लिटर पाणी पडते. हजार हेक्टर शिवाराच्या गावाचा हा आकडा पाचशे कोटी लिटरवर जातो. यातील बराच भाग बाष्परूपाने उडून जातो, काही वाहून जातो आणि थोडाच भूगर्भात उतरतो. तथापि गावाला निसर्गतः किती पाणी मिळते, याची कल्पना या साध्या गुणाकारावरून येते.

मातीचा हिशेब याहून कठोर आहे. एका हेक्टरवरून मातीचा केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर धुऊन गेला, म्हणजे दहा घनमीटर, सुमारे साडेतीन ब्रास माती गेली. शेतकऱ्याच्या डोळ्यांना हा थर दिसतही नाही. वाहून गेलेले पाणी पुढील पावसाळ्यात पुन्हा येईल; परंतु खडक झिजून तेवढी माती नव्याने तयार होण्यास अनेक पिढ्या जाव्या लागतात. म्हणूनच 'मृद' हा शब्द 'जल' या शब्दाच्या आधी येतो, तो उगाच नव्हे.

तालीपासून रोजगार हमीपर्यंत

या कामाची सुरुवात शासनाने केली असे नाही. उताराच्या शेताला दगडमातीची ताल घालण्याची रीत दख्खनच्या शेतकऱ्यास पूर्वापार ठाऊक होती. ताल फुटली की पुढल्या पेरणीआधी ती बांधून काढावयाची, हा शेतीच्या कामाचाच भाग मानला जाई. या अनुभवाला शास्त्राची जोड विसाव्या शतकात मिळाली. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात ते पुढे चालले. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने बांधबंदिस्तीला कायद्याचे अधिष्ठान दिले.

१९७२ च्या दुष्काळाने या कामाला निराळीच व्याप्ती आणली. राज्यभर लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर आली. खडी फोडणे व रस्ते यांबरोबरच पाझर तलाव, नाला बांध आणि शेतांवरील समपातळी बांध ही कामे त्या काळात मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. वि. स. पागे यांच्या विचारातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. खोदणारा पुरुष आणि पाटी वाहणारी स्त्री ही जोडी त्या कामांवर सर्वत्र दिसे. मजुरांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. जुन्या पाझर तलावांच्या भरावात मातीइतकेच त्यांचे श्रम दबून राहिलेले आहेत.

एका बांधामागे किती हात?

बांध म्हणजे मातीचा ढिगारा नव्हे. त्याची पहिली पायरी आखणीची. बांधाची रेषा समपातळीत असावी लागते, म्हणजे अडलेले पाणी त्याच्या लांबीभर सारख्या खोलीने उभे राहते. रेषा एखाद्या ठिकाणी वीतभर जरी खाली गेली, तरी सारे पाणी तेथे गोळा होते, बांध तेथेच फुटतो आणि बांध नसता तर झाली नसती एवढी मोठी घळ खाली पडते. कृषी खात्यातील आखणी करणारा कर्मचारी दुर्बिणीच्या साहाय्याने ही रेषा काढतो. हे काम पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने, किंवा दोन पाय, एक आडवी पट्टी व मध्ये लोंबणारा ओळंबा अशा साध्या लाकडी चौकटीनेही करता येते. गावातील आठवी-नववीच्या मुलांनाही ते शिकविता येण्यासारखे आहे.

दुसरा हात मुकादमाचा. माती कोठून उचलावयाची, ढेकळे फोडून थर किती जाडीचा घालावयाचा, त्यावर पाणी मारून दबाई केव्हा करावयाची, याकडे त्याची नजर असावी लागते. नाला बांधाच्या पायात चर खणून तो चिकण मातीने नीट भरला नाही, तर पाणी भरावाखालून निसटते. तिसरा हात गवंड्याचा. सांडव्याची रुंदी व उंची चुकली, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी भरावावरून जाते. चौथा हात मोजमाप पुस्तिका व हजेरीपट सांभाळणाऱ्याचा. त्याची नोंद खरी असेल, तरच मजुराला रास्त दाम आणि गावाला पुरते काम मिळते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. डोंगरमाथ्यावर सलग समतल चर व गवत-झाडांची लागवड, मधल्या उतारावर अनघड दगडांचे बांध, शेतांवर बांधबंदिस्ती आणि अखेरीस नाल्यावर माती वा सिमेंटचा बंधारा, असा 'माथ्यापासून पायथ्यापर्यंत'चा मार्ग पाणलोट विकासात मानला जातो. माथा उघडा ठेवून थेट नाल्यात बंधारा बांधला, तर तो लवकरच गाळाने भरतो. आज खोदाईचे बरेच काम यंत्राने होते. त्यामुळे महिन्यांचे काम दिवसांवर आले, हे खरे. परंतु यंत्राला उतार कळत नाही. तो सांगणारा जाणता माणूस यंत्राजवळ उभा असावाच लागतो.

घोडेपल्याडचा आणि शेजारचा धडा

शिरूरला लागून असलेल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची कथा सर्वश्रुत आहे. तथापि तिचा एक भाग पुरेसा लक्षात घेतला जात नाही. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा गावात पाझर तलाव होता. पण त्यात पाणी टिकत नव्हते. ग्रामस्थांनी श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली आणि खालच्या बाजूच्या विहिरींना पाणी आले. पुढे कुऱ्हाडबंदी व चराईबंदीमुळे माथ्यावरचे गवत टिकले आणि तलावात येणारा गाळ रोखला गेला. गावाचा कायापालट बांधलेल्या तलावाने घडला नाही. राखलेल्या तलावाने घडला.

दौंडच्या शेजारी पुरंदर तालुक्यात अभियंते विलासराव साळुंखे यांनी निराळा प्रश्न हाती घेतला. १९७२ च्या दुष्काळानंतर नायगाव येथे माळाच्या जमिनीवर प्रयोग करून त्यांनी 'पाणी पंचायती'चा विचार मांडला. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर असा द्यावयाचा. भूमिहीनालाही त्यात वाटा. आणि उसाला त्या पाण्यावर मज्जाव, अशी तिची सूत्रे होती. अडविलेल्या पाण्याचे वाटप न्याय्य नसेल, तर ते राखण्याची आस्था सर्वांच्या मनात उत्पन्न होत नाही, हे त्यामागचे मर्म होय.

शिरूर तालुक्यातच पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत विज्ञान शिकावे, ही त्यामागील दृष्टी. जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून भूजलाचा अंदाज घेण्याचे तंत्र तेथील तरुणांना शिकविले गेले. शाळा आणि शिवार यांतील अंतर कमी करता येते, याचे हे या भागातीलच उदाहरण आहे.

खरी उणीव कोठे आहे?

पाणलोटाची कामे शासनाच्या अनेक योजनांतून झाली. १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आली, डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले आणि २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आली. बांधण्यासाठी निधी, अंदाजपत्रक आणि उद्‌घाटन असते. बांधून झाल्यावर मात्र त्या कामाला बहुधा कोणी धनी उरत नाही. सांडव्यातील एक दगड निखळतो, भरावावर बाभूळ रुजते, उंदीर-घुशी बिळे करतात, शेजारच्या शेताची नांगरट दर वर्षी बांधाचा थोडा थोडा भाग कापीत जाते. यांपैकी एकही गोष्ट मोठी नाही. मात्र काही वर्षांत त्यांची बेरीज होते आणि एका रात्रीच्या पावसात तलाव फुटतो. त्याखालची शेते खरवडून निघतात, विहिरी गाळाने भरतात आणि लहान शेतकऱ्याची जन्माची कमाई वाहून जाते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे उदाहरण घ्यावे. पावसाळ्यापूर्वी त्यांचे ढापे काढावे लागतात, नाहीतर पुराचा लोंढा बंधाऱ्याच्या बाजूने काठ फोडून जातो. पाऊस सरताना ते वेळेवर बसवावे लागतात, नाहीतर वाहते पाणी हातचे जाते. थोड्या दिवसांच्या दिरंगाईने एका हंगामाचे पाणी जाऊ शकते. ढापे बसविणाऱ्या माणसाची कामगिरी कोणत्याही अहवालात ठळकपणे येत नाही. परंतु काठावरील विहिरींचा उन्हाळा त्याच्या हातात असतो.

मुरलेल्या पाण्याच्या उपशाकडेही लक्ष हवे. एका बाजूने चर खणून पाणी जिरवावयाचे आणि दुसऱ्या बाजूने खोल विंधन विहिरींनी ते उपसून घ्यावयाचे, यात गावाची शिल्लक वाढत नाही. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये साठ मीटर व त्याहून खोल विहिरींवर निर्बंधाची तरतूद आहे. कायद्याचा हा आधार असला, तरी पिकांची निवड अखेर गावानेच समजून करावयाची आहे.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातील प्रत्येक तलाव, नाला बांध, बंधारा व चरांची एक नोंदवही ठेवावी. तीत बांधकामाचे वर्ष, सांडव्याची स्थिती, गाळाची पातळी आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख असावी. मे महिन्यात व पावसाळा सरल्यावर, अशी वर्षातून दोनदा शिवारफेरी काढावी. फेरीत सदस्य, कृषी कर्मचारी, शिक्षक व मोठी मुले असावीत. आणि ज्यांनी जुन्या कामांवर पाटी-फावडे चालविले, त्या वृद्ध स्त्री-पुरुषांना आवर्जून बरोबर घ्यावे. पाणी कोठे तुंबते, पूर्वी भराव कोठे फुटला होता, कोणत्या जागी खाली खडक लागला, हे त्यांना माहीत असते. ही माहिती कागदावर उतरली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच जाईल.

शाळेने पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवावी आणि निवडक विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजावी. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ही नोंद फळ्यावर मांडली, तर रब्बीला किती पाणी उरले आणि कोणती पिके परवडतील, याचा ताळेबंद लोकांसमोर येईल. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असतात. प्रत्येक बांधावर त्याची नजर राहणे शक्य नाही. गावाची नजर मात्र राहू शकते.

मृद व जलसंधारणाच्या कामाला प्रसिद्धी थोडी आणि श्रम फार. आखणी करणारा, मुकादम, पाटी वाहणारी बाई, ढापे बसविणारा आणि आपल्या वाट्याची ताल पुन्हा बांधून काढणारा शेतकरी, हीच या कामाची खरी यंत्रणा होय. बांध एका उन्हाळ्यात घालता येतो. तो राखावा मात्र दर पावसाळ्यात लागतो. शिरूर-दौंडच्या जिरायती गावांना अधिक बांध हवेत, यात शंका नाही. परंतु त्याआधी, आज उभ्या असलेल्या प्रत्येक बांधाला राखणारा एक माणूस नेमून द्यावा आणि त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. या कामाला शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. येत्या ग्रामसभेतच ते होऊ शकते.