हवा, पाणी, आरोग्य – लेखांक ९ : झिजलेल्या बुटांची उमेदवारी

जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि नेहमीपेक्षा किमान सातशे माणसं जास्त दगावली. शवागारात जागा पुरेना, म्हणून बाहेर शीतकरणाचे ट्रक उभे करावे लागले. मृत्यू उष्णतेने झाले हे उघडच होतं. पण उकाडा तर अख्ख्या शहराला होता, मग मेली ती हीच माणसं का? याचा तपास अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने केला. त्यात पुढे होता जॅन सेमेन्झा, केंद्रात फेलोशिपवर आलेला एक नवखा संशोधक.

पद्धत साधी, पण चिकाटी पाहणारी. मृतांपैकी ३३९ जण घेतले. प्रत्येकाच्या जोडीला त्याच वस्तीतला, साधारण त्याच वयाचा, पण वाचलेला एक माणूस. मग मृतांचे नातेवाईक, मित्र, शेजारी गाठून विचारायचं : कितव्या मजल्यावर राहायचे? एकटेच होते का? रोज घराबाहेर पडायचे का? एसी होता का, आणि तो चालत होता का? रुग्णालयाच्या केसपेपरवर असल्या प्रश्नांना रकाना नसतो. उत्तरं मात्र बोलकी निघाली. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका पावणेपाच पट, रोज घराबाहेर न पडणाऱ्यांना साडेसहा पटींहून जास्त. चालू एसीने धोका सर्वांत कमी केला. ज्यांच्याकडे कोणाचं येणं-जाणं होतं, तेही बरेच तगले. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात राहणाऱ्या विदर्भातल्या वाचकाला यातलं निम्मं आधीच ठाऊक असेल. पण महापालिकेने कोणाचं दार आधी ठोठावायचं, हे ठरवायला ठाऊक असणं पुरत नाही, आकडा लागतो.

या फेलोशिपचं नाव एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस, थोडक्यात ईआयएस. १९५१मध्ये कोरियन युद्ध चालू होतं आणि शत्रू जंतू सोडेल अशी धास्ती अमेरिकेत होती. सीडीसीचे मुख्य साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी त्या धास्तीचा नेमका उपयोग करून सार्वजनिक आरोग्यासाठी माणसं उभी केली. याला दूरदृष्टी म्हणावं की चलाखी? माझ्या मते दोन्ही. पहिल्या तुकडीत २२ डॉक्टर होते आणि एक सॅनिटरी इंजिनिअर. हा एकटा इंजिनिअर मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पर्यावरणीय आरोग्याचा निम्मा कारभार नळ, गटार आणि धुराडं यांच्याशी असतो. मुदत दोन वर्षांची, पगार सरकारी, आणि तपासातल्या पायपिटीची खूण म्हणून बोधचिन्ह भोक पडलेल्या बुटाच्या तळाचं.

२०१२पासून याच धर्तीवर दिल्लीच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्रात भारताची ईआयएस चालू झाली. तिची खरी परीक्षा बिहारमध्ये मुझफ्फरपूरला झाली. तिथे दर उन्हाळ्यात लहान मुलं पहाटे झटके येऊन बेशुद्ध पडत. लोक त्याला चमकी बुखार म्हणत, डॉक्टर विषाणू शोधत. २०१४च्या हंगामात तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुलं दाखल झाली, त्यातली १२२ दगावली. तपासात पुन्हा तोच जोड्यांचा मार्ग : १०४ आजारी, १०४ निरोगी. आजारी मुलांपैकी अनेकांनी लिची खाल्लेली होती आणि बऱ्याच जणांच्या पोटात रात्रीचं जेवण नव्हतं. रक्तातली साखर घसरलेली. लिचीत असणारं हायपोग्लायसिन उपाशी यकृताला साखर बनवू देत नाही. त्याच्या खुणा मुलांच्या लघवीत सीडीसीच्या अटलांटातल्या प्रयोगशाळेने शोधल्या. सल्ला अगदी घरगुती होता : लिची कमी, रात्री जेवल्याशिवाय झोपू नका, आणि दवाखान्यात पोचताच साखर तपासून ग्लुकोज द्या. तरी २०१९मध्ये त्याच जिल्ह्यात शंभराहून अधिक मुलं गेली. तपास लावणारे तपास लावून जातात. जेवण आणि ग्लुकोजच्या बाटल्या पुरवणं दुसऱ्यांच्या हातात असतं.

अर्थात सगळ्याच सरकारी फेलोशिपा अशा नसतात. अमेरिकेत ओराइज नावाच्या योजनेतून सीडीसीत किंवा पर्यावरण खात्यात नुकते पदवीधर घेतले जातात. त्यांना पगार नाही, विद्यावेतन मिळतं आणि ते सरकारी कर्मचारी धरले जात नाहीत. काम मात्र तिथल्या मुरलेल्या माणसांच्या शेजारी बसून करायचं. उमेदवारीचं सारं मोल या शेजारात आहे, आणि तोच अलीकडे डळमळला. एप्रिल २०२५मध्ये सीडीसीच्या पर्यावरणीय आरोग्य केंद्रात मोठी नोकरकपात झाली. मुलांमधल्या शिशाच्या विषबाधेवर काम करणारा गटच्या गट घरी गेला. मिलवॉकीच्या जुन्या शाळांत शिसं असलेल्या रंगाचे पोपडे उडत होते, तिथल्या आरोग्य विभागाने तज्ज्ञांची मदत मागितली होती, आणि ती नाकारावी लागली. जूनमध्ये केंद्रातल्या अनेकांना परत बोलावण्यात आलं.