विश्लेषण : जवळचे भाडे रिक्षाचालक का नाकारतात?

संध्याकाळी साडेसातला अंधेरी स्थानकाबाहेर रिक्षाला हात करा. ‘कुठे?’ असे विचारले जाते. दीड किलोमीटरवरचे ठिकाण सांगितले की मान हलते आणि रिक्षा पुढे निघून जाते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतही वेगळे काही घडत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार भाडे नाकारणे हा गुन्हा आहे. तरीही ते रोज घडते आणि त्यामागे चालकाच्या स्वभावाइतकेच गणितही आहे.

भाडे कोण ठरवते?

मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण. २०१२ मध्ये हकीम समितीने त्यासाठी सूत्र दिले, पुढे खटुआ समितीने ते बदलले. रिक्षाची किंमत, घसारा, विमा, कर, देखभाल, इंधन आणि चालकाचा घरखर्च हे सगळे धरून प्रति किलोमीटर दर निघतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून तो १७.१४ रुपये आहे. त्याला दीडने गुणले की २५.७१ येतात, म्हणून पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये. त्याआधी दर १५.३३ होता आणि किमान भाडे २३. म्हणजे किमान भाडे हे दीड किलोमीटरचे साधे भाडेच आहे. छोट्या फेरीसाठी त्यात वेगळे काहीच धरलेले नाही.

मग अडते कुठे?

मीटर मुख्यतः अंतर मोजते, चालक मात्र वेळ विकत असतो. समजा, गर्दीत दीड किलोमीटरला वीस मिनिटे लागली. हाती आले २६ रुपये. वर, परत येताना प्रवासी मिळेलच असे नाही. त्याऐवजी सहा किलोमीटरचे भाडे मिळाले तर १०३ रुपये होतात; त्याला पाऊण तास लागला तरी मिनिटाला सुमारे २ रुपये ३० पैसे पडतात. जवळच्या फेरीत पडतो १ रुपया ३० पैसे. खोळंब्याचे पैसे मीटरमध्ये धरले जातात हे खरे, पण रिकाम्या परतीचे कोण देणार? एक भाडे घेताना दुसरे हातचे जाते, त्या गेलेल्या कमाईला अर्थतज्ज्ञ ‘संधी खर्च’ म्हणतात. रिक्षाचालकाला हा शब्द माहीत नसेल, हिशेब पक्का माहीत असतो. दिवसाचे भाडे मालकाला देऊन रिक्षा चालवणाऱ्याला तर तो दर तासाला करावा लागतो.

शेअर रिक्षा का चालते?

कारण तिथे दर माणशी असतो. तीन सीट भरल्या की त्याच रस्त्यावर मीटरपेक्षा जास्त पैसे सुटतात, त्यामुळे रांगेत उभे राहणेही परवडते. प्रवाशाच्या बाजूने मात्र उलटे गणित आहे. एकाच इमारतीतल्या तिघांनी मीटरने दीड किलोमीटर गेले तर प्रत्येकी नऊ रुपयांच्या आत पडतात. बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट मे २०२५ पासून १० रुपये आहे. अट एवढीच, की मीटरवाला तयार हवा.

किमान भाडे वाढवले तर?

चालक थांबतील, पण एकट्याने जाणारे आजी-आजोबा आणि हातात सामान असलेली गृहिणी यांना त्याचा भुर्दंड. नुसत्या दंडाच्या मोहिमांनीही भागत नाही. पोलीस हटले की हिशेब तोच उरतो. रांगेचा क्रम सक्तीचा असलेले थांबे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग, कारण तिथे प्रवासी निवडण्याची मुभाच राहत नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली, नंतर दहिसरपर्यंतच्या मार्गिका आल्या. प्रत्येक नव्या स्थानकाबाहेर अशाच दीड किलोमीटरवाल्यांची गर्दी वाढते आहे.